आधी मेढ, मग भिंत : १९६१ ची एक खर्चवही आणि आमचे पडलेले घर

ऑगस्ट २०१९ च्या पावसात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरे पडली, त्यातले एक आमचे. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आमचे गाव आहे. घर आजोबांनी १९६१ साली बांधलेले. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे सोपा, मागे परडे. वडील गेल्यापासून तिथे कायमचे कोणी राहत नव्हते. मे महिन्यात आणि गणपतीला आम्ही जायचो, तेवढेच.

पश्चिमेची भिंत रात्रीत बाहेरच्या अंगाला कोसळली. दोन दिवसांनी दक्षिणेची बसली. रस्ते सुरू झाल्यावर मी बेळगावहून गेलो तेव्हा पाहतो तर छप्पर जागच्या जागी! दोन बाजूंना भिंत नाही, मातीचा नुसता ढीग, आणि वर अडीच हजार कौलांचा भार खांबांवर निवांत उभा. मंगलोरी कौल कोरडे असताना सव्वादोन-अडीच किलोचे, भिजले की आणखी जड. म्हणजे पाच-सहा टन वजन भिंतीशिवाय उभे होते.

मी सिव्हिल इंजिनिअर. तीस वर्षे रस्ते, मोऱ्या आणि गोदामे केली. इतिहास हा पन्नाशीनंतर लागलेला नाद, त्यामुळे मंडळातल्या जाणत्या लोकांसमोर बोलताना अजून दबकतो. पण ते छप्पर पाहिल्यावर पडलेला प्रश्न माझ्या हद्दीतला होता. छपराचा भार खांबच घेत होते, तर आजोबांनी दीड-दोन फूट जाडीच्या भिंती घातल्या कशाला? आणि भिंती घालायच्याच होत्या, तर एवढे लाकूड का खर्च केले?

छप्पर उतरवून घेताना पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत सातबारे, तगाईच्या पावत्या, एक पंचांग आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही. ती घराची खर्चवही. मोडीत लिहिलेली. आजोबांच्या पिढीला हिशेब मोडीतच सुचायचा, शाळेतून मोडी गेली तरी. दशमान नाणी येऊन चार वर्षे झाली होती, पण वहीत एका ओळीत आणे आणि दुसऱ्या ओळीत नवे पैसे. माझी मोडी शिकाऊ, त्यामुळे एकेक पान लावायला आठवडा जायचा. पहिल्या वाचनात मला त्यात विशेष काही दिसले नाही. खर्च म्हणजे खर्च: दगड, चिखल मळायला माणसे, सुतार, कौले, चहापूड.

वही पुन्हा उघडायची वेळ आली ती दोन वर्षांनी, तीही माझ्याच चुकीने.

त्याआधी या भागातल्या घरांबद्दल थोडे सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. कणकुंबीहून निघून बेळगावमार्गे सौंदत्तीपर्यंत गाडीने गेलात तर शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये छपरे बदलताना दिसतात. कणकुंबी-जांबोटीकडे उतार इतका तीव्र की कौलांवर माणूस उभा राहू शकत नाही. वळचण तीन-साडेतीन फूट बाहेर काढलेली, जोते कमरेएवढे. बेळगावजवळ उतार मवाळ होतो. पुढे पूर्वेला कोरड्या मुलखात उतारच नाहीसा होतो आणि मातीची सपाट धाब्याची घरे लागतात. जिल्हा एक, भिंतीची माती जवळपास त्याच पद्धतीने मळलेली, पण घर पाहून तिथे पाऊस किती पडतो हे सांगता येते. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. त्या घडणीची कौले इकडे रुळण्याआधी आमच्याकडे गवत किंवा कुंभाराची नळीची कौले असत. चाकावर नळा काढायचा, उभा चिरायचा, की दोन कौले. ती दर उन्हाळ्यात चाळून पुन्हा बसवावी लागत. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली, त्यामुळे मंगलोरी घडणीची कौलेही पुढे तिथल्याच भट्ट्यांतून मिळू लागली. आजोबांची खानापूरचीच. वहीत “कौले २४००, फूट धरून २५००” अशी नोंद आहे.

मातीची भिंत पाण्यात विरघळते म्हणून कच्ची, असे आपण समजतो. तसे नाही. मातीची भिंत थोडे पाणी पिते आणि ऊन पडले की सोडते. शेणमातीचा लेप तिला श्वास घेऊ देतो. तिला दोनच गोष्टी सोसत नाहीत: माथ्यावरून आत शिरलेले पाणी आणि पायाशी साचलेले पाणी. जोते आणि वळचण त्याच्यासाठी.

हे ज्ञान मला १९९६ साली नव्हते. त्या वर्षी, नोकरीला चार वर्षे झाल्यावर, मी घराला सिमेंटचा गिलावा केला. वडिलांना म्हटले, दरवर्षी सारवण कोण करणार, एकदा पक्के करून टाकू. पश्चिम, दक्षिण आणि उत्तर अशा तीन बाजू झाल्या आणि पैसे संपले. परड्याकडची पूर्वेची भिंत तशीच राहिली. आईने ती शेवटपर्यंत शेणाने सारवली. सिमेंटच्या कातडीला बारीक चिरा पडतात, त्यातून पाणी आत जाते पण बाहेर येत नाही. भिंत आतून लोण्यासारखी होते आणि बाहेरून गुळगुळीत दिसते. त्यात घर बंद, कौले सरकलेली कोणी पाहिली नाहीत. २०१९ ला जी भिंत धड राहिली ती पूर्वेची. गावात कोणी मला काही बोलले नाही, पण ढिगाऱ्यातून सिमेंटचे पापुद्रे वेचताना मला जे समजायचे ते समजले.

त्या १९९६ च्या कामाचा मी काढलेला मोजणीचा नकाशा मात्र माझ्याकडे होता. नव्या इंजिनिअरच्या उत्साहाने त्यात मी घराचे “दोष” लाल शाईने लिहिले होते. दोष पहिला: पूर्व, उत्तर आणि दक्षिण बाजूंना खांब भिंतीपासून वीतभर आत सुटे उभे आहेत, जागा वाया. दोष दुसरा: पश्चिमेला मात्र खांब भिंतीत गाडलेले आहेत, बांधणीत एकसारखेपणा नाही. दोष तिसरा: पश्चिमेची भिंत वर तुळईला पोचत नाही, पाच इंच फट, दगडाच्या चिपा भरून बुजवलेली. लहानपणी त्या सुट्या खांबांआड आम्ही लपत असू, आणि पश्चिमेच्या फटीतल्या चिपा काढून आजी तिथे विळे खोचून ठेवायची. हे सगळे मला गबाळेपणाचे वाटले होते.

२०२० च्या दिवाळीनंतर नव्या घराचे काम काढले. जुन्याच जोत्यावर, तेवढ्याच मापाचे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीच्या दर्जात लावून बाहेरून चुना. छप्पर जुन्याच कौलांचे. जुने खांब-वासे ऐनाचे आणि किंजळाचे, बहुतेक शाबूत होते. थोडे कुजके भाग कापून नवे जोड द्यायचे, एवढेच सुतारकाम. मेस्त्री गावातलेच, सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना मेस्त्रीमामा म्हणतात, मीही. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “आधी खांब उभं करा, कौलं चढवा. भितीचं काय, आत बसून पावसाळाभर बांधू की.”

मी ऐकले नाही. आमच्या शिक्षणात पाया, भिंत, मग छप्पर असाच क्रम. शिवाय सुतार दुसऱ्या कामात अडकलेला, जोड द्यायचे लाकूड आलेले नव्हते आणि चिरे येऊन पडले होते. माणसे रिकामी बसवायची कशाला? मार्चमध्ये भिंती सुरू केल्या. एप्रिलअखेर टाळेबंदी लागली. सुतार येईना, लाकडाचा ट्रक येईना. भिंती सहा फुटांवर उघड्या राहिल्या. मामा म्हणाले, “माथा झाका.” मी दोन ताडपत्र्या टाकल्या आणि बेळगावला अडकून पडलो. मनात म्हटले, जांभा काय विरघळतोय थोडाच. अजून मृगाला महिना आहे.

१५-१६ मे ला तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून वर सरकले. घाटमाथा तिथून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे वारा असा की ताडपत्र्या शेजारच्या काजूत सापडल्या. वळवाचा पाऊस आम्हाला नवा नाही, पण तो वरून पडतो आणि तासाभरात जातो. हा पश्चिमेकडून आडवा मारत होता. जांभा विरघळला नाही हे खरेच, पण दर्जातली माती धुऊन गेली. पश्चिमेच्या भिंतीचे वरचे तीन थर बाहेर घसरले. चाळीस किलोचा एकेक चिरा. खाली कोणी नव्हते, कारण टाळेबंदीमुळे कामच बंद होते. माझ्या सावधपणाचा त्यात काही वाटा नाही.

त्यानंतर मामांचे ऐकले. गावातलीच चार माणसे आणि शेजारच्या गावचा एक म्हातारा सुतार, एवढ्यांवर खांब उभे केले. जुन्या तळखड्यांवर खांब, त्यावर तुळया, आढे, वासे, रिपा. मृग लागला तेव्हा निम्मे पाखे उघडे होते. सकाळी चार तास उघडीप मिळाली की कौले वर, मग पाऊस आला की खाली. निसरड्या रिपांवर चढायला तरणी पोरे कचरायची, मामा ओरडून ओरडून जागा दाखवायचे. आर्द्रा निघून गेली तेव्हा कुठे शेवटचे कौल बसले. भिंती अजून कमरेएवढ्याच.

मग खरा पाऊस आला. २२-२३ जुलै २०२१ आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. चिपळूण बुडाले, दूधसागरजवळ दरड येऊन रेल्वेचे डबे घसरले. हब्बनहट्टीचा मारुती मलप्रभेच्या पाण्याखाली गेला. तो दरवर्षी जातो, पण त्या वर्षी पाणी पाहायलाही कोणी जवळ जाऊ शकले नाही. जांबोटीच्या बाजूचे रस्ते बंद. मी गावातच अडकलो. आणि त्या चार दिवसांत आम्ही काय करत होतो? छपराखाली बसून भिंत बांधत होतो. बाहेर दहा फुटांवरचे दिसत नव्हते, पागोळ्यांचा पडदा अखंड, आणि आत कोरड्या जागेत मामा ओळंबा लावून चिरा बसवत होते. आडवी झड येते त्या बाजूला गवताचे झाप बांधले होते. माती मळायला पाणी आणायला जावे लागत नव्हते, पागोळीखाली घमेले ठेवले की झाले.

पश्चिमेची भिंत तुळईजवळ आली तेव्हा शेवटचा थर बसेना. वर तुळई, खाली आधीचा थर, मध्ये चिरा सरकवायला आणि हात घालायला जागा पाहिजे. मामांनी थोडा प्रयत्न केला, मग चिऱ्याच्या चिपा गोळा केल्या आणि फटीत ठोकू लागले.

मी टेप लावली. पाच इंच.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात १९९६ चा नकाशा आणि वही शेजारी-शेजारी मांडून बसलो. माझ्या लाल शाईतल्या दोषांचा अर्थ आता लागत होता. भिंत छपराखाली बांधली की ती खांबाला कवेत घेते, खांब भिंतीत गाडला जातो, आणि वर फट राहते. भिंत आधी झाली असेल तर खांब आत घालता येत नाही, तो वीतभर आत सुटाच उभा करावा लागतो. म्हणजे आजोबांच्या घराच्या तीन भिंती छपराआधी झाल्या होत्या आणि पश्चिमेची एकटी छपरानंतर.

पुढच्या वर्षभरात मी आसपासच्या गावांतली जुनी घरे याच नजरेने पाहिली. परवानगी मिळेल तिथे खांबाच्या मागे हात घालून पाहिले. लोक हसायचे. चांगल्या, जुन्या घरांत खांब बहुतेक भिंतीत गाडलेलेच सापडले आणि वर चिपांची फट. भिंत भार घेण्यासाठी नव्हतीच. ती आडोसा होती, सवडीने बांधायची, पडली तर पुन्हा बांधायची. घर म्हणजे खांब आणि छप्पर, आणि ते मृगाआधी उभे राहिले पाहिजे. आपण मराठीत आजही कोणत्याही कामाची मुहूर्तमेढ रोवतो. मेढ म्हणजे लाकडी खांब. दगड बसवून भूमिपूजन करतानाही शब्द मात्र मेढीचाच राहिला आहे.

मग आजोबांनी क्रम का उलटा केला? गावातली रीत त्यांना माहीत नव्हती असे कसे म्हणावे? उत्तर वहीत होते, पण एका नोंदीत नव्हते. नोंदींच्या तारखांत आणि गाळलेल्या जागांत होते.

मार्गशीर्षात, म्हणजे १९६० च्या अखेरीला, पाया आणि जोते. पौषात तळखडे घडवल्याची मजुरी. तळखडे आधी घडवले, म्हणजे बेत रीतीप्रमाणेच होता. त्यानंतर तीन महिने घराचा खर्चच नाही. आहेत ते फक्त प्रवासखर्च: खानापूर, बेळगाव, पुन्हा खानापूर, “अर्ज”, “स्टॅम्प”. लाकडाचा परवाना मिळत नव्हता. १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो होतो, आणि वहीत एके ठिकाणी “कानडी अर्ज लिहिणावळ” अशीही नोंद आहे. लाकूड आले ते मे च्या पहिल्या आठवड्यात. कापणावळ दिली ती १२ मे ला. आता मेढ उभी करायची, तर १५ मे पासून अधिक ज्येष्ठ. १९६१ ला ज्येष्ठ अधिक होता, तो १३ जूनपर्यंत. अधिक महिन्यात मेढ रोवत नाहीत. ट्रंकेत ते पंचांग का जपून ठेवले होते तेही मला तेव्हाच कळले, त्या पानाचा कोपरा अजून दुमडलेला आहे.

चांद्रमास एका बाजूला आणि नक्षत्र दुसऱ्या बाजूला. मृग सूर्याच्या हिशेबाने ७ जूनच्या सुमाराला लागायचा तो लागणारच, ज्येष्ठ अधिक असो वा निज. म्हणजे मुहूर्त निघेपर्यंत पाऊस दारात. आजोबांनी मधला मार्ग काढला. मेढीला मुहूर्त लागतो, भिंतीला लागत नाही. १६ मे पासून वहीत “भिंत, थर पहिला”, मग दुसरा, तिसरा. मातीचा थर दीड-दोन फुटांचा, तो वाळायला आठ-दहा दिवस द्यावे लागतात. वहीत थरांमध्ये सहा दिवस आहेत, पुढे पाच, शेवटी चार. चौथ्या थराची मजुरी मृग लागल्यावर दिलेली आहे. भिंत झाकायला गवत किंवा झाप घेतल्याची नोंद जूनअखेरपर्यंत एकही नाही. आजी सांगायची की तिच्या माहेराहून, गोव्यातल्या सत्तरीतून, विणलेली झापे यायची. पण १९५५ पासून गोव्याच्या सीमेवर नाकेबंदी, ती वाट बंद. गावातले गवत गुरांना.

१९६१ चा पावसाळा देशभरच्या नोंदींत विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या पावसाळ्यांपैकी एक आहे. आमच्या वहीत त्याबद्दल एक शब्द नाही. आहे ते असे. १० जुलै: “गाडीभाडे खानापूर. डॉक्टर.” त्याच आठवड्यात आणखी दोनदा “डॉक्टर”, एकदा “बेळगाव, इस्पितळ”. १५ जुलैला “पुण्यास कार्ड”. पानशेत फुटले ते १२ जुलैला, आणि आजोबांचे धाकटे भाऊ तेव्हा पुण्यात होते. मग जमेच्या बाजूला एक नोंद: “पाटल्या जोड.” ऑगस्टच्या उत्तरार्धात, मघात, उघडीप मिळाली असावी. सुतार, कौले, आढ्याचा नारळ. त्यानंतर पश्चिमेच्या भिंतीची मजुरी पुन्हा एकदा. आणि १९६१ च्या भाद्रपदापासून १९६४ पर्यंत दर महिन्याला एक छोटी रक्कम, पुढे एकच शब्द: “पायाबद्दल.”

हा शब्द मी पहिल्या वाचनात घराच्या पायाबद्दलचा समजलो होतो. पाया तर मार्गशीर्षातच झाला होता!

आमच्या घरात सांगितली जाणारी हकीकत अशी की बांधताना पश्चिमेच्या भिंतीवर वीज पडली. माझे थोरले काका आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना वही दाखवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाटल्या त्याच पायात गेल्या.” भिंत ९ जुलैला, रविवारी, तरण्या पावसात पडली. खाली गौंड्याचा सतरा वर्षांचा मुलगा होता, माती मळत होता. मांडी मोडली. तो गौंडी म्हणजे आमच्या मेस्त्रीमामांचे वडील, आणि तो मुलगा मामांचा थोरला भाऊ.

मामा बारा वर्षांचे होते. इतके महिने माझ्याबरोबर काम करून त्यांनी या विषयाचा चकार शब्द काढला नव्हता. मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले, आणि मग मीच विषय काढला. ते म्हणाले, “तुमच्या आजोबांनी पैसं दिलं, खोटं का बोलायचं. दर म्हयन्याला सोता आणून द्यायचं. पण पाय काय सरळ झाला न्हाई.” भावाने पुन्हा बांधकामावर हात टाकला नाही, गुरे राखली. तो आता नाही. मग थोडे थांबून म्हणाले, “गाव म्हणत हुतं, आमच्या बापानं भित कच्ची घातली. चिखल नीट मळला न्हाई. त्या सालापासनं गावात एक भित मिळाली न्हाई त्येला. गोवा मुक्त झाला आणि तिकडं गेला कामाला.”

म्हणजे साठ वर्षे आमच्या घराने ते विजेवर ढकलले आणि गावाने गौंड्यावर.

मी वही उघडली आणि तारखा वाचून दाखवल्या. थर कोणत्या दिवशी, मधले दिवस किती, झाकायला काही घेतले की नाही. मजुरी देणारा घरमालक, थर कधी घालायचा हे सांगणाराही तोच. चार दिवसांच्या ओल्या थरावर दुसरा थर चढवून ती भिंत उघडी पावसात ठेवली तर जगातला कोणताही गौंडी ती उभी ठेवू शकत नाही. त्यांच्या वडिलांनी घातलेल्या बाकीच्या तीन भिंती त्याच पावसातून वाचल्या. त्यातली पूर्वेची २०१९ पर्यंत उभी होती आणि नंतर आम्ही हाताने उतरवली, तेव्हा पहारीला दाद देत नव्हती. हेही मी सांगितले. मामा म्हणाले, “ते ठावं हाय. मीच उतरवली की.”

आजोबांना मी खलनायक करत नाही. परवाना त्यांच्या हातात नव्हता, अधिक महिना नव्हता, नाकेबंदी तर नव्हतीच. घरात माणसे दहा, जुने गवती छप्पर गळत होते. पण थांबता आले असते. एक पावसाळा आणखी त्या गवताखाली काढता आला असता. ते थांबले नाहीत, आणि मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा येत असताना मीही थांबलो नाही. माझ्या वेळी भिंतीखाली कोणी नव्हते.

काकांचे म्हणणे होते की हे लिहू नये. “गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतोस?” मी मामांना विचारले. ते म्हणाले, “लिवा की. आमचा बी बाप गेलेलाच हाय.” काकांना हे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा नको म्हटले नाही. नावे मात्र घालायची नाहीत असे दोघांचेही म्हणणे पडले.

तंत्राबद्दल एक राहिले. ज्यांना आपल्या गावाकडे जुनी घरे तपासायची आहेत त्यांनी गिलावा खरवडण्याआधी खांब पाहावेत. खांब भिंतीत आहे की सुटा, चारही बाजूंना सारखे आहे की एका बाजूला वेगळे, तुळईखाली चिपांची फट आहे का. फरक दिसला तर त्या बाजूला काहीतरी घडलेले आहे: भिंत पडून पुन्हा बांधली असेल किंवा घर मागाहून वाढवले असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारण्याआधी हे टिपून ठेवावे, कारण विचारले की वीज पडलेली असते. आणि भिंत मातीची असेल तर कृपा करून सिमेंट लावू नका.

नव्या घराने आता काही पावसाळे पाहिले. पहिल्याच वर्षी माजघरात एका ठिकाणी गळले, एक कौल उलटे बसले होते. पश्चिमेची फट मी बुजवून घेतली नाही, बायकोने तिथे विळा खोचला आहे. वहीची पाने मी देवनागरीत उतरवून तिच्या दोन प्रती काढल्या. एक काकांकडे आहे. दुसरी मामांनी मागितली. त्यांना वाचायला फारसे येत नाही, नातू वाचून दाखवतो. मी गेल्या मे मध्ये गेलो तेव्हा त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर खिळ्याला टांगली होती, आणि आल्यागेल्याला थरांच्या तारखांचे पान काढून दाखवत होते.